उन्हाळी रंगाची ओसरी

दिंद्रुड, ता. २४ एप्रिल २००३

तीर्थरूप अक्कास,

धाकट्या गहिनीनाथाचा पायावर डोकं ठेवून नमस्कार. (ठेवलं असं समज. खरोखर ठेवायला आलो तर तू पाय मागं घेशील, हे मला ठाऊक हाय.) तुझा गुडघा कसा हाय? दाजींचा खोकला हटला का? लिंबागणेशला तुमच्या विहिरीला अजून पाणी हाय असं आसारामकडून कळालं. ऐकून बरं वाटलं आणि खरं सांगायचं तर थोडं जळालंबी. आमच्याकडं टँकर चौथ्या दिवशी येतो, कधी पाचव्या. बाकी खुशाल. पत्र फाडू नको, शेवटापर्यंत वाच, एवढीच विनंती.

तीन वर्षांपूर्वी मी सोसायटीचा संचालक झालो त्या दिवाळीला घराला चुना मारला आणि तुझ्या लग्नात दाराशेजारी रंगानं लिहिलेलं तुझं नि दाजींचं नाव त्या चुन्याखाली गेलं. तू भाऊबिजेला आलीस, भिंत बघितलीस, आणि आल्या पावली दाराच्या दगडी पायरीला हात लावून म्हणालीस की ह्या पायरीवर परत पाय ठेवणार न्हाई. त्यावर मी जे बोललो ते बोलायला नको होतं. (संचालक होऊन चारच दिवस झाले होते, डोकं ठिकाणावर नव्हतं.) माझ्या लेकीच्या, वैजंताच्या लग्नालाबी तू मंगल कार्यालयातून परस्पर गाडीत बसलीस. हे सगळं मला याद हाय. पण आता गोष्ट वैजीची हाय. तिला सातवा सरत आला. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. आणि औरंगाबादेहून तिच्या सासूबाईंचा, म्हंजे विमलबाईंचा निरोप आला की तुमच्याकडं प्यायला पाणी न्हाई, घरं भट्टीवानी तापलेली, पोरगी कशी पाठवू? सोमवारी येऊन घर बघते, मग ठरवते. हे ऐकल्यापासून तुझी भावजय सत्यभामा दोन दिस धड जेवली न्हाई. मला म्हणाली, लेकीला आपल्याच घरी यायला परवानगी लागायली, काय दिस आलेत.

तिसऱ्या दिवशी ती माजलगावला बांगड्या भरायला गेलती. बांगड्या ज्या कागदात बांधून आल्या तो कुठल्यातरी बायकांच्या मासिकाचा, गुळगुळीत, रंगीत. त्यात लिहिलेलं की ऋतू बदलला की घराचे रंग बदलावेत. पावसाळ्याला केशरी, थंडीला विटकरी, आणि यंदाच्या उन्हाळ्याची चलती म्हंजे समुद्री रंग. त्यानं म्हणे खोलीत पाऊल टाकताच जिवाला गारवा वाटतो. (आता आपल्याकडं तीन वर्षं झाली एकच ऋतू चालू हाय, त्यामुळं एकदा रंगवलं की सुटलो, असं मी म्हणालो. हसली न्हाई.) तिनं तो कागद देव्हाऱ्याशेजारी चिकटवला आणि जाहीर केलं की विमलबाईंच्या आधी ओसरी समुद्री झाली पाहिजे. मी समुद्र बघितलेला न्हाई, तिनंबी न्हाई. पण कागदावरचा रंग बघितला आणि ओळखला. अगं, फवारणीचं निळंशार मोरचूद! आपल्याकडं त्या रंगाला मोरचुदीच म्हणतेत.

आता पाण्याचा रंग मारायचा तर दोन घागरी पाणी जाणार, म्हंजे दोन दिसांचं पिणं. म्हणून तेलाचा रंग घ्यायचं ठरलं. माजलगावात तो मिळाला न्हाई, पण आपल्या सोसायटीच्या गोदामात मोरचुदीचे डबेच डबे. ते कसे, ते सांगतो. सोसायटीनं माळावर चारा छावणी काढलीय. बाहेरगावची जनावरं घुसू नयेत म्हणून आपल्या जनावरांच्या शिंगाला रंग लावायचा ठरलं आणि चेअरमन बद्रीनाथरावांनी कुठूनतरी मोरचुदीचे तीस डबे उचलून आणले. शिंगं रंगून रंगून किती रंगणार? मग छावणीचं फाटक रंगवलं, चाऱ्याच्या गाड्या रंगवल्या, वजनकाटा रंगवला, तरी डबे उरले. मी पावती फाडून चार डबे घेतले. (फुकट न्हाई घेतले. तू काय म्हणशील ते लिहिता लिहिता ऐकू आलं.) शहादेव रंगाऱ्यानं आधी भिंत खरवडली, मग दोन दिसांत ओसरी, दार, बाहेरची भिंत, सगळं मोरचुदी करून टाकलं. खोटं कशाला बोलू, लई देखणं दिसलं. आजूबाजूला सगळा करडा फुफाटा आणि मधी आपलं घर. सत्यभामा रस्त्यापलीकडं जाऊन उभी राहिली आणि रडली. म्हणाली, वैजीला आवडंल.

सोमवारी विमलबाई आल्या. त्यांना ओसरीत खुर्ची दिली, वाळ्याचं पाणी दिलं. त्यांनी भिंतीकडं बघितलं, वर बघितलं. सत्यभामा पदराचं टोक पिळत उभी. तेवढ्यात धुळाजी आपल्या चार म्हशी घेऊन अंगणात आला आणि ओसरीच्या खांबाला बांधल्या. मी म्हणालो, काहून रे, इथं कशाला? तो म्हणाला, चारा कधी वाटायला सुरुवात करता? मागून बायडाबाई गाय घेऊन आली. मग खालच्या आळीची जनावरं. मग वरच्या आळीची. दहा वाजेपर्यंत अंगणात, ओसरीत पन्नासएक शिंगं आणि सगळी भिंतीच्याच रंगाची. विमलबाईंची खुर्ची मधोमध.

झालं असं होतं अक्का, की लोकांना फलक वाचता येईनात म्हणून मागल्या सभेत एक ठराव झाला होता. 'जिथं मोरचुदी रंग, तिथं सोसायटीचा चारा मिळेल' असा. गावभर दवंडी दिली होती. माळावरची छावणी लांब पडते, गावात चाऱ्याचा डेपो निघावा, अशी लोकांची मागणी होतीच. त्यांना वाटलं, निघाला. आणि तो ठराव मांडणारा संचालक कोण, हे तुला लिहायची गरज न्हाई. (अनुमोदन धुळाजीचं. तोच पहिल्यांदा म्हशी घेऊन आला, म्हंजे तो तरी ठरावाला जागला.)

मी लोकांना समजावायला लागलो तर कुणी ऐकंना. धुळाजीच्या एका म्हशीनं भिंतीला अंग घासलं, रंग ओलाच होता, अर्धी म्हैस मोरचुदी झाली. दुसरी पायरीवर चढली, तेवढ्यानं दगड मधून तडकला. सत्यभामा तडकलेल्या दगडाशी धावली. ती म्हणाली, गेलं सगळं, आता पाठवत न्हाईत त्या पोरीला. बायडाबाईनं ऐकलं. ती गाय सोडून आत आली आणि सत्यभामेला म्हणाली, बाई, हे डेपो न्हाई व्हय, लेकीसाठी रंगवलंय व्हय? मग आमाला आधी सांगायचं की! मग विमलबाईंकडं वळून म्हणाली, वैजी आली की टँकरची माझी पहिली घागर हिच्या दारात. धुळाजी म्हणाला, दूध माझं. (त्या म्हशी दूध देत न्हाईत, पण त्याचा भाव चांगला होता.) मग एकेकानं जनावरं सोडली आणि माळाकडं नेली. विमलबाईंनी पदर खोचला, खराटा मागितला आणि सत्यभामेबरोबर अंगणातलं शेण भरलं. शेण भरताना त्या दोघी काय बोलत होत्या ते मला कळालं न्हाई, पण हसत होत्या. चारच्या एसटीनं त्या गेल्या. जाताना वैजीला पाठवायचं कबूल केलं.

तर अशी ही हकिकत. ओसरी झाली, पोरगी येते, सगळं बरं चाललंय. दाजींना नमस्कार. गुडघ्याला एरंडेलाचा शेक दे.

तुझाच, कितीबी रागावलीस तरी तुझाच,
गहिनीनाथ

ता. क. सत्यभामेचा नमस्कार. तिनं पावसाळ्याचा केशरी रंग आत्ताच ठरवून ठेवलाय. मी म्हणालो, आधी पावसाला तर ठरवू दे. सोसायटीत मात्र पुन्हा काही ठराव मांडणार न्हाई.

ता. क. दुसरा. वर एक गोष्ट लिहायची राहिली. म्हंजे मुद्दाम ठेवली. विमलबाई रंगाला भुलल्या न्हाईत, घागरीलाबी न्हाई. एसटीत चढताना त्या म्हणाल्या, लग्नात माझ्या नातवाचं पोट दुखत होतं तेव्हा ओव्याचा शेक देऊन ज्यांनी त्याला झोपवलं त्या तुमच्या मुक्ताबाई बाळंतपणाला असतील तर आजच हो म्हणते. मी म्हणालो, असणार की, तिनं कधीच कबूल केलंय. अक्का, आता तू कबूल कर. वैजी वैशाखात येते. दवाखाना माजलगावचा हाय, पण पुढचा सव्वा महिना तुझ्याबिगर निघायचा न्हाई. त्या दिवाळीला मी जे बोललो ते चुकलो. हे पहिल्याच ओळीत लिहायला पाहिजे होतं, धीर झाला न्हाई.

ता. क. तिसरा. शहादेवानं दाराशेजारची भिंत खरवडली तेव्हा चुन्याचा पोपडा निघाला आणि खाली 'चि. सौ. कां. मुक्ता' असं दिसलं. दाजींचं नाव पुसलंय, फक्त 'राव' राहिलंय. (त्यांना सांगू नको.) सत्यभामेनं तेवढ्या जागेवर ब्रश लावू दिला न्हाई. सगळी ओसरी मोरचुदी आणि तेवढीच चौकट जुनी, कागदातल्या चित्रात तसलं काही न्हाई, पण राहू दे. आणि शपथेचं म्हणशील तर तू जिला हात लावलास ती पायरी म्हशीनं सोमवारी मोडली. काल नवा दगड बसवलाय. त्याला हात लावून अजून कुणीच काही बोललेलं न्हाई.