पांढऱ्या दांडीचा पाहुणचार

३ मार्च
विद्यापीठाच्या मंजुश्री मॅडम आल्या. वांग्याच्या शेतात मधोमध एक पांढरी दांडी रोवून गेल्या. ती जमिनीचा ओलावा मोजणार. माती सुकली की ठिबक आपोआप सुरू. मी पाण्याच्या कॉकला हात लावायचा नाही. शब्द दिला. अशा दांड्या गावात दोनच, दुसरी शेजारच्या दयारामकडे. ज्याची वांगी सरस, त्याच्या बांधावर नावासकट विद्यापीठाचा बोर्ड. बोर्ड आपलाच. सातवीला मी विज्ञानात पास होतो.

४ मार्च, पहाट
झोप नाही. दांडी सगळी खबर मॅडमच्या मोबाइलवर पाठवते म्हणे. आपली जमीन कोरडी आहे हे विद्यापीठात कळलं तर काय इज्जत राहील? तांब्याभर पाणी दांडीच्या बुडाशी ओतलं. पाहुण्याला आधी पाणी द्यावंच लागतं. याला ओलित म्हणत नाहीत.

७ मार्च
मॅडमचा फोन. माझा ओलावा उत्तम, दयारामपेक्षा बराच वर. उद्यापासून दोन तांबे.

१० मार्च
ठिबक एकदाही सुरू झालं नाही. म्हणजे गरज नाही. दयारामचं सारखं चालू असतं. त्याची जमीनच हलकी. पानं जरा मलूल दिसतात. ऊन फार आहे. बायको म्हणाली, "झाडं माना टाकून राह्यले, अन् तुम्ही त्या काडीलेच पाणी पाजून राह्यले." कॉक उघडा म्हणत होती. शास्त्राला दिलेला शब्द मोडता येत नाही, हे तिला समजावलं. समजलं नाही.

१३ मार्च
फुलं गळाली. बियाणं खराब असणार. किंवा दयारामची नजर. काल बांधावरून विचारत होता, "काऊन अर्जुनभाऊ, वांगे उभेच वाळवून राह्यले काय?" मॅडमला फोन करणार होतो. पण त्यांनी खोदून विचारलं असतं, आणि मी खोटं बोलत नाही. तिसरा तांब्या वाढवला.

१६ मार्च
मॅडम स्वतः आल्या. शेत वाळलेलं, दांडीभोवती ताटाएवढं हिरवंगार गवत. त्यांनी गवताकडे बोट केलं. हे कशानं, विचारलं. म्हटलं, जमिनीचा गुण. बायकोनं घरातून तोच तांब्या आणून त्यांच्यापुढे ठेवला.

१८ मार्च
बोर्ड दयारामच्या बांधावर लागला. अक्षरं फार बारीक आहेत. आमच्या शेतातल्या अनुभवावरून पुढच्या सगळ्या यंत्रांना कुलपाची जाळी लावायचं ठरलंय. म्हणजे संशोधनाला माझा हातभार लागलाच. मी विचारलं, जाळी रानडुकरांसाठी काय?
मॅडम म्हणाल्या, "नाही काका. डुकरांनी अजून एकही यंत्र बिघडवलेलं नाही."