मागच्या स्पीकरखालचा बाक

रविवार, ९ नोव्हेंबर

प्रिय दादा,

सप्रेम सलाम. तू बरा असशीलच. नसलास तरी सांगणार थोडाच! आईचे गुडघे कुरकुरतात आणि ती स्वतः त्यांच्याहून जास्त. बाकी ठीक.

चर्चमधलं साउंडचं काम अजून माझ्याच गळ्यात आहे. आपल्या वयाचं कोणी आता तिकडे फिरकत नाही. प्रार्थनेनंतरचं ‘आमेन’ इतकं क्षीण यायला लागलं, की पाळकांनी युक्ती काढली. चर्च गच्च भरायचं तेव्हाचं जुनं रेकॉर्डिंग मागच्या स्पीकरवर हळू लावायचं. बटण मी दाबते. त्यामुळे मला डोळे मिटावे लागत नाहीत. ते माझ्या पथ्यावरच पडतं.

तेव्हापासून आई आपला पुढचा बाक सोडून त्या स्पीकरखाली बसते. मी म्हटलं, “अगं, तिथे दारातून वारा येतो.” म्हणाली, “येऊ दे.”

मग एकदा मी हेडफोन लावून नीट ऐकलं. आमेनच्या आधी बाबा खोकतात रे! आधी बारीक, मग घसा साफ करून. आणि सगळ्यांचं म्हणून झाल्यावर, नेहमीसारखं मागून, तुझं आमेन. बाबा बरे व्हावेत म्हणून सगळ्यांत जास्त प्रार्थना तू केलीस. त्यांना पुरल्यावर तू चर्चची पायरी चढला नाहीस. आणि दर रविवारी तिथे आमेन म्हणतोयस.

आता पाळक म्हणतात, जुन्यात खरखर फार आहे, पुढच्या रविवारी सगळ्यांना बोलावून नवीन रेकॉर्ड करू. मी आईला म्हटलं, जुनं तुझ्या फोनवर घालून देते, घरी ऐकत जा. ती भडकलीच.

“घरात ते गेलेलेच आहेत. तिथे मंडळीत आहेत. घरी आणून पुन्हा मारू नकोस त्यांना.”

परवा फोनवर तू खोकलास ना? आईने फोन माझ्या हातात कोंबला आणि आत निघून गेली. रेंज गेली, ही मी मारलेली थाप होती. हुबेहूब बाबा होतास तू.

पुढच्या रविवारी ये. विश्वासबिश्वास काही आणू नकोस. माझ्याकडेही उरलेला नाही, आणि हे आईला कळलं तर बघ. फक्त तिच्या शेजारी बस, खोक, आणि उशिरा आमेन म्हण.

नाही आलास, तर तिथे जी शांतता रेकॉर्ड होईल, ती दर रविवारी मलाच लावावी लागेल. आणि आई त्याच बाकावर कान देऊन बसेल.

सगळे डोळे मिटतील तेव्हा दाराकडे बघत असलेली,
तुझी टिटवी