नऊ फुटी चादर

१४ जानेवारी १९१३, टोपेका
पुन्हा पाय उघडे. जिल्ह्याने ज्याला विधानसभेत पाठवलं, त्याची पावलं रात्रभर चादरीबाहेर गारठतात! हॉटेलवाला दात काढत म्हणाला, चादर बरोबर आहे साहेब, तुम्हीच जास्त आहात. डोकंच फिरलं. ठरलं. विधेयक आणायचं. कॅन्सस राज्यात भाड्याच्या प्रत्येक पलंगावर नऊ फुटी चादर. लोक दारूबंदीवर मोठे झाले, थॅडियस ऑर्कट चादरीवर होईल.

७ मार्च
पास! काही सभासद हसले. नावं लक्षात ठेवली आहेत. रोज हॉटेलात झोपणाऱ्या फिरत्या विक्रेत्यांनी आनंदाने टोप्या हवेत फेकल्या. एकजण मला भावी गव्हर्नर म्हणाला. त्याचं मत दुसऱ्या राज्यात आहे, पण विचार पसरतो.
बायकोला तार केली. उत्तर नाही. लव्हीनिया गहिवरली असणार.

१९ मार्च, घरी
गहिवरलेली नाही. आमच्या घरात आठ खोल्या भाड्याने जातात. त्या लव्हीनिया बघते, मी राज्य बघतो. म्हणाली, कायदा करताना घर आठवलं नाही का? मी समजावलं, कायदा हॉटेलांना आहे, घरांना नाही. तिने दारावरची पाटी दाखवली. 'ऑर्कट हाऊस, प्रवाशांची उत्तम सोय.' पाटी मीच रंगवली होती. उद्या काढतो.

२ जून
पाटी राहून गेली. इन्स्पेक्टर प्लम आला. यालाच मी चिकटवला नोकरीला! मेल्याने आठही पलंग टेपने मोजले आणि लव्हीनियाला दंड ठोकला. मी ओरडलो, अरे, ओळखतोस ना मला? म्हणाला, म्हणून तर साहेब. कुणाची गय करू नकोस, असं तुम्हीच सांगितलंत. गाढवा, ते भाषण होतं!

२१ जुलै
नव्या चादरी आल्या. धुणंवाली म्हणाली, ही चादर नाही, सर्कशीचा तंबू आहे. काम सोडून गेली. आळशी जात. आता लव्हीनियाच धुते. मदत करणार होतो, पण भाषण लिहायचं होतं. विषय : कष्टाळू स्त्रीचा सन्मान.

१२ सप्टेंबर १९१४
प्रचार जोरात. माझ्याविरुद्ध धान्यवाला फ्रेझी उभा आहे. उंची जेमतेम पाच फूट. आज सभेत नऊ फुटी चादर पांघरून आला, तीत पाय अडकून पडला. मुद्दाम! बायका हसून हसून रडल्या. नीच माणूस. पण बायकांची मतं माझीच. तीन वर्षांपूर्वी त्यांना मताधिकार मिळावा म्हणून सभागृहात मी हात वर केला होता, हा तेव्हा दुकानात धान्य मोजत होता.
गावातल्या खोल्या भाड्याने देणाऱ्या सगळ्याजणी हल्ली आमच्या स्वयंपाकघरात जमतात. मी गेलो की गप्प होतात. माझा प्रचार गुपचूप चाललाय.

३ नोव्हेंबर, सकाळ
मतदान. लव्हीनियाने ठेवणीतली टोपी घातली. मी हात पुढे केला, तर ती मैत्रिणींबरोबर केव्हाच निघाली होती. उत्साह!

४ नोव्हेंबर
पडलो. सडकून. आमच्याच गल्लीत सगळ्यात वाईट. घरी येऊन गरजलो, कोण ती कृतघ्न बाई, जिने फ्रेझीला मत दिलं? लव्हीनिया बटाटे सोलत म्हणाली, मी, मिस्टर ऑर्कट. आणि या स्वयंपाकघरात बसायच्या त्या सगळ्या. वर्षभर माझे हात फुटले, तुम्ही एकदा तरी पाहिलेत का?
मी टेबलावर मूठ आपटली. फेरमोजणी मागणार! कोर्टात जाणार! सोमवारी पहिल्या गाडीने टोपेकाला!

९ नोव्हेंबर, सोमवार
गाडी गेली. सोमवार धुण्याचा दिवस. नऊ फुटी चादर एका माणसाला पिळता येत नाही, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. लव्हीनिया म्हणाली, रिकामेच आहात ना आता, धरा ते टोक. धरलं. आठही पिळल्या. खांदे गेले.
आत्ता आडवा झालोय. पाय उघडे. माझ्या पलंगावर जुनी, आखूड चादर आहे. विचारलं तर म्हणाली, कायदा पाहुण्यांना आहे, तुम्ही घरचे.