राणीकडचं अर्धं पुस्तक

पालम,
२२ जून १९७७

प्रिय भुजंग,

तुझी सिकंदराबादहून पूर्णेला बदली झाली, हे काल मुंजाजीदादांनी पक्कं केलं. पूर्णेच्या बसवर कंडक्टर अजून तेच आहेत. तू स्टेशनात दिसलास, थोडा वाळला आहेस, म्हणाले. मग तिकिटांची पेटी बंद करता करता, मी काही विचारलेलं नसताना, "अजून खानावळीतच जेवायलाय गडी," एवढं सांगून पुढं गेले. मी शाळेत शिकवायला उशिरा पोचले.

या महिन्यात रेडिओवर इंग्लंडच्या राणीच्या पंचवीस वर्षांची बातमी होती आणि मला आपलं पुस्तक आठवलं. बी.ए.ला बाहेरून बसलेले आपण दोघं आणि इंग्लंडच्या राज्यघटनेचं पुस्तक एकच. तूच ते शिवणीवर ब्लेडनं कापलंस. एक भाग राणीचा, एक पार्लमेंटचा, आणि दर शनिवारी मुंजाजीदादांच्या हातून अदलाबदल. समासात तू पेन्सिलीनं लिहायचास: सगळं पार्लमेंट ठरवणार, भाषणही तेच लिहून देणार, मग राणीनं करायचं काय? मी खाली लिहायचे: सही. पुढच्या खेपेला तुझं उत्तर यायचं: मग रबरी शिक्का बरा, त्याला जेवायला लागत नाही. धडे कमी आणि समासच जास्त वाचले आपण.

बहात्तरच्या उन्हाळ्यात तुझी आत्या सगुणाबाई तुझ्यासाठी मला मागायला आली, तेव्हा आमच्या घरचं पार्लमेंट बसलं. आबा, तात्याकाका, दत्तरावदादा. तुला नोकरी नव्हती, तेवढ्यावर ठराव झाला. दादा म्हणाला, पंचफुलेलाही विचारा. आबा म्हणाले, "तिला काय इचारायचं? ती काय न्हाई म्हणायलीय व्हय?" मी चहाचे कप गोळा करत होते. कप घेऊन आत गेले.

त्या शनिवारी राणीचा भाग आला तो राणी अ‍ॅनचं पान दुमडून. समासात तू लिहिलं होतंस: हिनं १७०८ साली पार्लमेंटला नाही म्हटलं होतं. तू म्हणशील? मी ती ओळ बोटानं इतक्यांदा वाचली, की पेन्सिल पुसट झाली. उत्तर लिहिलं नाही आणि तो भागही परत पाठवला नाही. परीक्षेत राणीवरचा प्रश्न तुला सोडावा लागला असेल. पावसाळ्यात तुला रेल्वेत नोकरी लागली, तू गेलास. पाच वर्षं तो भाग माझ्या पेटीत साड्यांखाली आहे.

येत्या रविवारी गंगाखेडचे पाहुणे मला बघायला येणार होते. परवा घरात तेच ठरत होतं. या वेळी माझ्या हातात कप नव्हते. उंबऱ्यात उभी राहून म्हणाले, "आबा, मी न्हाई म्हणते." आबा तात्याकाकांना म्हणाले, "पाव्हण्यास्नी कळवून टाक." राणी अ‍ॅनचं ते नाहीसुद्धा मंत्र्यांच्या सल्ल्यानंच होतं, असं मला पुढं वाचनात आलं. माझं कुणाच्या सल्ल्यानं नाही. म्हणून हे पत्र. तुझ्या पुसट ओळीखाली मी उत्तर लिहिलंय, शाईनं. शनिवारी मुंजाजीदादा तो भाग घेऊन पूर्णेला येतील. तुझा अर्धा भाग अजून तुझ्याजवळ असेल, तर परतीची बस पाचला सुटते. मुंजाजीदादा म्हणालेत, पाच-दहा मिनिटं ते थांबतील.

तुझीच,
पंचफुला