जावईबापूंकडे पाठ

३ ऑक्टोबर

घेतला! शेवटी घेतलाच! दुसऱ्या क्लबचा करार संपून मोकळा बसलेला हा लंबू — त्याच्यावर पैशाचा पाऊस, आणि त्याला जागा करायला आमच्या कप्तानाला नारळ! इतकी वर्षं आमच्यासाठी गुडघे झिजवले त्याने.

गॅरेजमध्ये दिवसभर हाच विषय. वेल्डर म्हणाला, "बास्केटबॉल पाच जणांनी खेळायचा असतो. हा एकटा काय दिवे लावणार?" मी लंबूचं नाव ठेवलं — जावईबापू. सगळ्यांना पटलं.

धाकटा भाऊ तेवढा म्हणे, "दादा, आधी खेळू तर दे त्याला." बाबा गेल्यापासून मीच त्याला मॅचला नेतोय. नियम मी शिकवले, आता मलाच शहाणपण!

१९ ऑक्टोबर

हरलो. जावईबापूंचा एक नेम धड नाही.

२ नोव्हेंबर

पुन्हा हरलो. रडू येत होतं, खरंच.

स्टँडमध्ये मीच सुचवलं — शिव्या देऊन घसा कशाला फोडायचा? त्याच्या हातात बॉल आला की सगळ्यांनी उभं राहून पाठ फिरवायची. हॉलच्या आवाजावरून कळतंच बॉल सुटला ते. मग वळायचं. वेल्डर म्हणाला, "डोकं आहे हं तुला!"

९ नोव्हेंबर

जमलं! अख्खा स्टँड पाठमोरा! टीव्हीवरही दाखवलं.

धाकटा एकटाच कोर्टकडे तोंड करून. मी दंड धरून ओढला, तर म्हणाला, "दादा, माणूस आहे तो." म्हटलं, एवढे पैसे घेतो, मग सोसू दे की!

१६ नोव्हेंबर

लिहावंसं वाटत नाही.

त्याच्याकडे बॉल आला. आम्ही वळलो. जरा वेळाने मागे हॉलभर मोठा आवाज झाला. वाटलं, गेला नेम! टाळ्या, शिट्ट्या — मी सगळ्यात मोठ्याने. वळून बघतो तर तो जमिनीवर. पाय भलतीकडेच वळलेला. तरी मागच्या रांगांतल्या टाळ्या चालूच होत्या. धाकटा उठून निघून गेला होता.

१८ नोव्हेंबर

क्लबने सांगितलं, तो पुन्हा खेळणार नाही. वेल्डर म्हणाला, "बघ, गेला पैसा पाण्यात." कुणी हसलं नाही. गॅरेजचे मालकसुद्धा मान खाली घालून नट पिळत बसले. मला माझीच लाज वाटते.

धाकटा परवापासून आत्याकडे. माझा फोन उचलत नाही. आत्या म्हणते, "तो तिकडे यायला तयार नाही रे." घरात आम्ही दोघंच तर होतो. आता जेवण एकाचंच करायचं, तेही जात नाही. तो परत आला नाही तर?

२३ नोव्हेंबर

आज मॅच होती. गेलो नाही.

२४ नोव्हेंबर

धाकटा आला. कपडे न्यायला. दारातच मी विचारलं, तो पडला कसा?

"मागून समोरच्या टीममधल्या एकाचा धक्का बसला. बास्केट मोकळी होती, दादा, पण त्याने बॉल टाकलाच नाही. आपल्या स्टँडकडे बघत उभा राहिला. मी एकटाच समोर दिसत होतो — मला खूण केली, यांना वळव. मी तुझा खांदा हलवला. तू झटकलास."