सपाट जमिनीवरचा डोंगर

गुरुजी,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमच्याशी वाद घालायची भीती वाटत नाही. मी दोह्यात असतो. वर्ल्ड कपच्या पाहुण्यांसाठी आमची कंपनी एका मॉलच्या पोटात इटलीतलं मध्ययुगीन डोंगरी गाव उभारते आहे. डोंगर लोखंडी सांगाड्याचा, वर फोम, त्यावर रंग. पायऱ्या नव्या कोऱ्या बसवायच्या आणि मग ग्राइंडरने मधोमध झिजवायच्या. दोरीवरचे कपडे गोंदाने कडक केलेले, बिनवाऱ्याचे फडफडल्यासारखे दिसतात. तुम्ही न्यायशास्त्रातलं धुरावरून डोंगरावरच्या अग्नीचं अनुमान शिकवलंत. इथे धूर मशीनचा, अग्नी नाही, डोंगरही नाही. रोज बघून चीड येते.

मूळ गाव मी पाहिलंय, मापं घ्यायला पाठवलं होतं. माथ्यावर दगडी घरं एकमेकांना टेकून बसलेली, खाली उतारावर ऑलिव्हच्या बागा. एक म्हातारी दारातली पायरी झाडत होती. मी टेप लावला, तशी ती झाडू टेकून उभी राहिली. मी उठल्यावर टेपची जागा तिने पुन्हा झाडली. सोवळ्यात तुमचीच बहीण शोभली असती.

मग आमच्या साहेबांनी, पुण्याचेच ते, बोलावलं.

"तू संस्कृतवाला ना? दाराशी बोर्ड लावायचाय. गावाचा आठशे वर्षांचा इतिहास लिही. एखादा संत टाक."

"साहेब, हे गाव मार्चमध्ये सुरू झालं."

"म्हणून तर तुला सांगतोय. इतिहास असता तर तुझी गरज काय होती?"

तेव्हा तुम्ही डोळ्यांसमोर आलात. आपल्या डोंगरावरच्या देवळात यात्रेकरूंना स्थळमाहात्म्य सांगताय, आणि मी मध्येच विचारतो, देव खरंच इथे उतरला होता का? तुम्ही वरही बघत नाही. "ते देवाला विचार. डोंगर खरा आहे, एवढं मी सांगतो. पायाला विचार." आणि मला बाहेर काढता.

मी साहेबांना नाही म्हणालो. अल मुंतझातल्या आमच्या फ्लॅटवर बायको म्हणाली, "नोकरी गेली तर खलास. मग राहा त्या फोमवर." लेक मोबाइलमधूनच म्हणाली, "बाबा, नोबडी रीड्स दोज बोर्ड्स."

नोकरी राहिली. मजकूर मार्केटिंगच्या बाईंनी लिहिला आणि "जरा नजर टाका ना" म्हणून माझ्याकडे पाठवला. त्यात गावकरी होड्यांतून वेशीपर्यंत येत होते. डोंगराच्या माथ्यावर! दोन दिवस मी हात लावला नाही. मग होड्या काढल्या. लुटारूंच्या भीतीने लोकांना वर चढवलं, उतारावर बांध घातले, चौकाखाली पावसाच्या पाण्याचं टाकं खोदलं. सगळं त्या खऱ्या गावात पाहिलेलं-ऐकलेलं. साहेब खूश. "बघ, आता खरं वाटतंय."

त्या बोर्डावर माझं नाव नाही, हे मी घरी सगळ्यांना सांगून झालंय. हे पत्र कुठे टाकणार, ड्रॉवरमध्येच राहील. तुमच्यापुरतं कबूल करतो, गुरुजी: मला खोट्याची चीड आली होती, पण ते खोटं वाईट लिहिलेलं होतं, हे मात्र बघवलं नाही.