चेंडू अजून पळतोय

आई, तुझा तो टेबल टेनिससारखा बॅट-चेंडूचा गेम नव्या मॉनिटरवर नीट चालतच नव्हता. म्हणजे सुरू व्हायचा, पण असा सुसाट की बटणावर बोट ठेवेपर्यंत चेंडू माझ्या मागनं पसार! जुना मॉनिटर जळाला म्हणून हा पातळ आणला. दुकानदार म्हणाला, "मॅडम, ह्याच्यावर चित्र कसं पळतं बघा." पळतं की! सेकंदाला एकशे चव्वेचाळीस वेळा चित्र बदलतं. आपला जुना साठ वेळा बदलायचा, आणि हा येडा गेम दर चित्रामागं चेंडू एक पाऊल पुढं ढकलतो. एवढंच दुखणं, पण ते कळेपर्यंत माझा जीव मेटाकुटीला आला.

कॉम्प्युटर स्वयंपाकघरात ठेवला होता, कारण ऑर्डरीच्या कडक भाकऱ्या सोडून तू उठायची नाहीस आणि खेळायला मला तूच लागायचीस. अजून दिसतं. माझ्या बाजूची बटणं काळी, तुझ्या बाजूची पिठानं पांढरी. तू चेंडू टोलवतेस, तो माझ्याकडून परत येईपर्यंत तव्यावरची भाकरी उलटतेस, की बोट पुन्हा बटणावर हजर. मी घाईनं बॅट हलवते आणि चेंडू सुटतो. "आगं, गाडी सुटाय लागली व्हय तुजी? यीऊ दे की त्याला हितंपातूर!" लेकीला एकदा तरी जिंकू द्यावं, तर तेही न्हाय. लई राग यायचा मला तुझा.

धाकटा पुण्याहून सणावारी फोन करायचा, "बरी आहेस ना?" विचारून ठेवून द्यायचा. या गेमचं गाऱ्हाणं सांगितलं तसा दर रविवारी जेवणं झाली की त्याचा फोन यायला लागला. "ताई, आधी मॉनिटरच साठवर आण." आणला. गेम पूर्ण पडद्यावर गेला की पठ्ठ्या परत एकशे चव्वेचाळीसवर! "मरू दे रे," मी वैतागले. "असं कसं? आईचा गेम आहे तो. चेंडूला काय शिव्या घालायची, आठवतंय?" मग तासभर तुझ्याच गोष्टी. या घरात मी किती दिवसांनी मोठ्यानं हसले, आई.

परवा माझं मीच ग्राफिक कार्डाच्या सेटिंगमध्ये जाऊन या गेमपुरता साठचा लगाम घातला. अगदी तोच वेग! चेंडू निवांत आला, मी टोलवला, तो तुझ्या बाजूला गेला. तिथली बॅट हललीच नाही. पॉइंट मला. पुढचा टोलवला, तोही मलाच. हा दोघांचाच खेळ, एकटीनं खेळायची सोयच नाही त्यात. इतके दिवस मीच झटक्यात हरत होते, म्हणून समोर कुणी नाही हे ध्यानातच आलं नाही. तुझ्याविरुद्ध सरळ सगळा डाव जिंकले आणि की-बोर्डावर डोकं ठेवून रडले.

आज रविवार. हात धुतले तोवर फोन वाजला.

"काय ताई, जमलं का?"

"कुठलं रे," मी म्हटलं. "चेंडू अजून पळतोय."

"सोडायचं नाही. पुढच्या रविवारी दुसरं काहीतरी करून बघू."

"बघू की," म्हटलं.

हे पत्र कुठं टाकायचं नाही तेच बरं. तुझ्या पोटात काही राहायचं नाही, त्याला लगेच सांगून टाकलं असतंस.